गाडी मध्येच का थांबते?

जव्हार आणि मोखाडा हे आमचे दोन डोंगरी तालुके. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि आम्ही पालघर जिल्ह्यात आलो. आमच्याकडे वारली चित्रं आहेत, बोहाड्याचे मुखवटे आहेत, धबधबे आहेत, आणि पाऊस तर विचारूच नका. नाही ती फक्त रेल्वे. गाडी पकडायची तर जव्हारहून पालघर किंवा डहाणू रोडला उतरायचं, नाहीतर मोखाड्याहून खोडाळ्यामार्गे कसारा गाठायचं. ‘आपल्याकडे रेल्वे येणार’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाई म्हणतो, एसटीत इलेक्ट्रिशियन होते. आयुष्यभर बसगाड्यांचे दिवे, डायनॅमो आणि स्टार्टर दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या माळ्यावर आठ फूट लांबीचं एक टेबल मांडलं आणि त्यावर रेल्वे आणली. खेळण्यातली म्हटलं तर भाई रागावतात. ‘मॉडेल’ म्हणायचं. एच-ओ नावाच्या मापाची ही गाडी खऱ्या गाडीच्या ८७ पटींनी लहान असते आणि तिच्या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. भाईंनी दोन स्टेशनं केली, पिवळ्या पाट्यांवर काळ्या अक्षरांत नावं लिहिली. एकीकडे ‘जव्हार’, दुसरीकडे ‘मोखाडा’. सरकारला जमलं नाही ते माळ्यावर झालं.

उन्हाळ्यात गाडी झकास धावली. आषाढ लागला आणि ती आचके द्यायला लागली. दोन पावलं चालायची, थबकायची, बोटाने ढकललं की पुन्हा चालायची. गंमत म्हणजे स्टेशनात थांबायची नाही, दोन स्टेशनांच्या मध्येच थांबायची. मोखाड्याहून भाईंची नात आली होती. वय वर्षं नऊ. ती गाडी बघायलाच आली होती. भाईंनी वीज वाढवून बघितली. गाडी थबकलेली असताना बटण पुरतं फिरवलं, आणि अचानक वीज पोचल्यावर इंजिन उडालं ते थेट टेबलाखाली. मुंबईच्या एका दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, ‘मोटर गेली, नवीन इंजिन घ्या.’ किंमत ऐकून भाई गप्प बसले. गेली काही वर्षं त्यांच्या हातांना कंप आहे. मला म्हणाले, ‘जाऊ दे. माझ्याच्याने आता हे होत नाही. खोक्यात भरून टाक.’

मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. विजेचा आणि माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण त्या पावसाळ्यात भाईंच्या सांगण्यावरून, त्यांच्या हातांऐवजी माझे हात वापरून, आम्ही ते इंजिन पुन्हा चालतं केलं. मोटर गेलेली नव्हतीच. वीज मोटरपर्यंत पोचत नव्हती. आज मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की वीज पोचत नसेल तर ती वाढवून उपयोग नाही, वाट दुरुस्त करावी लागते. ती कशी, ते सांगतो.

आधी खऱ्या रेल्वेकडे बघू. आपल्या देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला धावली. तेव्हापासून आजतागायत आपण बघतो, गाडीच्या टपावरचा पँटोग्राफ वरच्या तारेला टेकलेला असतो. तारेतून वीज येते, मोटरी फिरवते आणि चाकांतून रुळांत उतरून परत जाते. मॉडेलमध्ये वरची तार बहुधा शोभेची असते. वीज येते ती एका रुळातून आणि परत जाते ती दुसऱ्या रुळातून. १२ व्होल्टची, म्हणजे हात लागला तरी धोका नसलेली वीज. एका बाजूची चाकं ती वीज घेतात, दुसऱ्या बाजूची परत देतात. दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून प्लास्टिकने वेगळी केलेली असतात, नाहीतर तिथेच शॉर्टसर्किट होईल. प्रत्येक चाकाच्या पाठीला धातूची एक बारीक लवचीक पट्टी घासत असते. हौशी मंडळी तिला पिकअप म्हणतात. चाकातली वीज ती पट्टी उचलते आणि मोटरला देते.

आता मोजा. रुळाकडून चाकाकडे, चाकाकडून पट्टीकडे, मोटरमधून पलीकडच्या पट्टीकडे, पट्टीकडून चाकाकडे आणि चाकाकडून रुळाकडे. शिवाय रुळांचे तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या फिशप्लेटी वेगळ्याच. विजेला इतकी दारं ओलांडावी लागतात आणि एक जरी बंद असलं तरी गाडी उभी.

दार बंद होतं कशाने? मुख्यतः मळाने. चाक गुळगुळीत दिसतं, रूळही गुळगुळीत दिसतो, पण दोन्हींवर बारीक उंचवटे असतात आणि स्पर्श होतो तो मोजक्या टोकांचा. त्या टोकांवर धूळ, तेल आणि धातूचा गंज यांची साय बसते. स्पर्श तुटला की बारीक ठिणगी उडते, ठिणगीने काजळी धरते आणि काजळीने स्पर्श आणखी बिघडतो. एकदा सुरुवात झाली की हे चक्र आपोआप वाढत जातं. आमच्याकडच्या पावसात पुस्तकांना बुरशी येते, कुलपं गंजतात, तर या रुळांची काय कथा!

मग खऱ्या गाडीला हा त्रास का होत नाही? कारण वजन. मोठ्या विजेच्या इंजिनाच्या एका आसावर साधारण २० टन भार असतो. तो गंजाची साय चिरडून टाकतो. भाईंच्या इंजिनाचं वजन असेल ३०० ग्रॅम, तेही सहा चाकांवर वाटलेलं. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला ५० ग्रॅम. एवढ्याने काय चिरडणार? आणि खऱ्या रेल्वेलाही हा त्रास अगदीच नाही असं नाही. रुळावर गाडी उभी आहे की नाही हे सिग्नलला कळतं, ते दोन रुळांना चाकांनी जोडलं जाण्यावरून. क्वचित वापरात असलेल्या गंजक्या रुळांवर तो संपर्क नीट होत नाही आणि सिग्नल यंत्रणेला गाडी दिसतच नाही. त्यासाठी रेल्वेला खास काळजी घ्यावी लागते.

संपर्क तुटण्याचा चांगला उपयोग केल्याचंही एक उदाहरण आहे. जव्हारला मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आहे. त्याच नावाचा शिंद्यांचा राजवाडा ग्वाल्हेरला आहे. तिथे जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची एक छोटी आगगाडी आहे. ती पाहुण्यांपुढे पेयांच्या सुरया घेऊन फिरायची. पाहुण्याने सुरई उचलली की संपर्क तुटायचा आणि गाडी त्याच्यासमोर थांबायची. सुरई परत ठेवली की पुढे निघायची. महाराजांकडे जी युक्ती होती, ती आमच्याकडे व्याधी होऊन आली.

आता दुरुस्ती. भाईंचा पहिला नियम असा की हात लावण्याआधी रोग कुठे आहे ते बघायचं. गाडी दरवेळी एकाच जागी थांबत असेल तर दोष रुळात आहे. वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर दोष इंजिनात आहे. आमच्याकडे दोन्ही होते. नातीला वही दिली आणि सांगितलं, अगदी हळू वेगाने दहा फेऱ्या मार आणि कुठे किती वेळा थांबली ते लिही. हळू वेगाने का? कारण वेगात असताना गाडी आपल्या धावेनेच मळाच्या जागेवरून निसटते आणि रोग लपतो. तिने लिहिलं, दहा फेऱ्यांत २३ वेळा. भाईंचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं.

पहिला बदल सफाईचा. इथे एक कबुली देतो. आधी भाईंनीच पॉलिश पेपरने रूळ घासले होते. दोन दिवस गाडी छान चालली, मग पूर्वीपेक्षा वाईट. पॉलिश पेपरचे ओरखडे म्हणजे मळाला बसायला केलेल्या चऱ्याच. रूळ सुती फडक्याने आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. ते औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. मळ तसाच चिकट असेल तर साधं पेन्सिलीचं रबर फिरवावं आणि त्याचा चुरा पुसून घ्यावा. अलीकडे काही हौशी लोक म्हणतात की अल्कोहोलपेक्षा रॉकेलच्या जातीचा द्रव बरा, त्याने काजळी कमी धरते. काहीही वापरा, पण थेंबभरच वापरा. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका आणि रूळ पूर्ण सुकल्याशिवाय वीज सुरू करू नका.

चाकांचं जरा वेगळं. इंजिन जुन्या टॉवेलच्या घडीत उताणं ठेवायचं, मोटरला दोन तारांनी वीज देऊन चाकं सावकाश फिरू द्यायची आणि चिमट्याने काढावी तशी काजळी काढायची. ती सुटी झाली की वीज बंद करून, चाक हाताने फिरवत, कानात घालायच्या कापसाच्या काडीने पुसायचं. आमची पहिली काडी काजळासारखी काळी निघाली. डब्यांची चाकंही पुसा, नाहीतर तीच मळ पुन्हा रुळांवर पसरवतात. डब्यांची चाकं प्लास्टिकची असतील तर शक्य तेव्हा धातूची बसवा. आणि तेल! भाईंनी प्रेमाने शिलाई मशीनचं तेल चांगलं चार-चार थेंब घातलं होतं. ते ओघळून चाकांवर आलं होतं. दात्यांना आणि आसाला सुईच्या टोकावर राहील एवढंच तेल पुरतं. नातीच्या वहीत आकडा उतरला: ११.

दुसरा बदल रुळांचा. फिशप्लेटी नुसत्या सरकवून बसवलेल्या असतात, दमट हवेत त्या आतून काळ्या पडतात आणि वीज पुढे जात नाही. भाईंनी मल्टिमीटर लावून दाखवलं. टेबलाच्या या टोकाला १२ व्होल्ट, तर गाडी चालू असताना पलीकडच्या टोकाला जेमतेम ९. उपाय सोपा आहे. फिशप्लेटींच्या भरवशावर न राहता टेबलाखालून जाड तारांची एक जोडी फिरवायची आणि रुळांच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून एक बारीक तार जोडायची. गावात नळयोजना असते तसंच हे. मोठी वाहिनी एक आणि घरोघरी फाटे. तारा अदलाबदल होऊ नयेत म्हणून एका रुळाला लाल, दुसऱ्याला काळी. जोड सोल्डरचा आणि त्यासाठी राळेचा फ्लक्स. आम्लाचा फ्लक्स वापरला तर पुढच्या पावसाळ्यात जोड हिरवा पडलाच म्हणून समजा. आयुष्यात पहिल्यांदा मी सोल्डरिंगची लोखंडी हातात धरली. भाई शेजारी बसून म्हणत होते, ‘सोल्डर वितळव नको, रूळ तापव. रूळ तापला की सोल्डर आपण होऊन धावतं.’ पहिले चार जोड वाया गेले, दोन ठिकाणी स्लीपर वितळले, पाचवा जमला.

रूळ घेताना धातूकडे लक्ष द्या. पोलादाचे रूळ आमच्या हवेत गंजतात, पितळेचे काळवंडतात. जर्मन सिल्व्हरचे त्या मानाने कमी त्रास देतात. हो, तेच जर्मन सिल्व्हर ज्याची भांडी आपल्या आजीकडे होती. नावात चांदी आहे, पण त्यात असतं तांबं, जस्त आणि निकेल.

मग सांधे, म्हणजे जिथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. तिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो क्रॉसिंगचा तुकडा पुष्कळदा प्लास्टिकचा असतो आणि त्यात वीज नसते. लांब इंजिनाला काही वाटत नाही, त्याची बाकीची चाकं विजेवर असतात. आखूड इंजिन मात्र नेमकं तिथे अडकतं. क्रॉसिंग धातूचं असेल तर त्याला स्वतंत्र तार देऊन, सांधा बदलला की विजेची बाजूही बदलेल असं बटण बसवता येतं. आमचं प्लास्टिकचं होतं, म्हणून तो प्रश्न इंजिनाकडूनच सोडवायचा ठरला. वहीत आकडा: ६.

तिसरा बदल सगळ्यांत महत्त्वाचा, तो म्हणजे पिकअप वाढवणं. आमच्या इंजिनाला सहा चाकं होती, पण वीज घेत होती फक्त चार, एका बाजूला दोन. उरलेल्या दोन चाकांवर पकड यावी म्हणून कंपनीनेच रबराची धाव घातलेली असते. रबर चढावर ओढतं चांगलं, पण वीज घेत नाही.

इथे थोडा हिशोब करू. समजा, एखादं चाक दहातल्या एका क्षणी संपर्क सोडतं. एका बाजूला एकच चाक वीज घेत असेल तर ती बाजू दहात एकदा आंधळी होते. दोन चाकं असतील तर दोघांनी एकाच क्षणी दगा द्यायला हवा, म्हणजे शंभरात एकदा. तीन असतील तर हजारात एकदा. चार असतील तर दहा हजारांत एकदा. चाक तेच, मळ तोच, नुसती जोडीदारांची संख्या वाढली. म्हणून जितकी चाकं वीज घेतील तितकं बरं. कोळशाच्या इंजिनाचं मॉडेल असेल तर मागच्या टेंडरच्या चाकांतूनही वीज घेऊन दोन बारीक, मऊ तारांनी ती पुढे आणता येते.

पट्टी कशाची करायची? फॉस्फर ब्राँझची. हा धातू वाकवला तरी मूळ जागी येतो आणि पुष्कळ दिवस लवचीक राहतो. भाईंच्या डब्यात जुने रिले होते, त्यांतल्या पातळ पट्ट्या कात्रीने अरुंद कापल्या. इंजिनाच्या तळाला तांब्याचा मुलामा असलेल्या सर्किट बोर्डाचा तुकडा चिकटवला, त्यावर पट्ट्या सोल्डर केल्या आणि त्यांची टोकं चाकांच्या पाठीला टेकवली. किती दाबाने? भाई म्हणाले, ‘झोपलेल्या लेकराच्या गालाला बोट लावतोस ना, तेवढ्याने.’ दाब जास्त झाला तर पट्टी ब्रेक होते, कमी झाला तर चाक बाजूला सरकताच सुटते. पट्टी इंजिनाच्या सांगाड्याला किंवा पलीकडच्या पट्टीला लागता कामा नये. रबराच्या जागी साधी चाकं मिळाली, तीही बसवली. आमची गाडी तीन डब्यांची, तिला रबराची गरज नव्हती.

चौथी गोष्ट, सगळी चाकं रुळाला टेकली पाहिजेत. चार पायांची खुर्ची उखडलेल्या फरशीवर डुगडुगते, तिपाई कधी डुगडुगत नाही. सहा चाकांचं ताठ इंजिन खुर्चीसारखं असतं. रूळ केसभर वरखाली असला की दोन चाकं हवेत. म्हणून जाणकार लोक एक आस मधोमध टेकवून थोडा डोलता ठेवतात. तयार इंजिनात हे करणं आम्हाला झेपणारं नव्हतं. आम्ही दोनच गोष्टी केल्या. टेबलाच्या फळ्या पावसाने फुगल्या होत्या, त्या पाचर मारून सपाट केल्या आणि इंजिनाच्या टपाखाली शिशाचा छोटा तुकडा चिकटवला. वजन वाढलं की संपर्क सुधारतो, पण मोटरला झेपेल इतकंच वाढवा. आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना ते देऊ नका.

एक नवा उपायही आहे. हल्ली डिजिटल पद्धतीच्या इंजिनांत कपॅसिटर बसवतात. घरावर पाण्याची टाकी असते ना, तशी ही विजेची टाकी. रुळाकडून क्षणभर वीज आली नाही तर ती इंजिनाला पुरवते. मात्र भाईंसारख्या साध्या डीसी गाडीला तो असाच जोडू नका. तिथे गाडी उलटी फिरवली की विजेची दिशाही उलटते आणि उलट्या विजेने तसला कपॅसिटर फुटू शकतो. शिवाय टाकी बसवली म्हणून गळका नळ तसाच ठेवायचा नसतो. आधी सफाई, मग पिकअप आणि मग टाकी.

ही विद्या बघायची असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने उभारलेलं हे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. मुलांना जरूर न्या. आणि गाड्या बघून झाल्या की त्यांची चाकं बघा.

आमचं काम संपलं त्या संध्याकाळी बाहेर पाऊस कोसळत होता. भाईंनी बटणाला हात लावला नाही. नातीला म्हणाले, ‘तू चालव, अगदी हळू.’ इंजिन गोगलगायीसारखं निघालं. फिशप्लेटी ओलांडल्या, सांध्यावर आलं, तिथे नेहमी थांबायचं. आम्ही तिघंही श्वास धरून. ते तसंच पुढे गेलं. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच, नऊ. भाईंचे कापणारे हात मांडीवर होते आणि नजर चाकांवर. दहाव्या फेरीत इंजिन थांबलं.

भाईंचा चेहरा उतरला. मी वाकून बघायला लागलो, कुठली पट्टी सुटली की काय. नात वहीत एक मोठं शून्य काढत होती. म्हणाली, ‘छोटे नाना, ती थांबली नाही. मी थांबवली. बघा ना, जव्हार आलं.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)